पहिल्या मुलीचा फेटा

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, एका डिसेंबरात, कोल्हापुरातल्या आमच्या ॲथलेटिक्स क्लबात मुलींची पहिली शर्यत झाली. मुलींना क्लबात घेतलं होतं ते त्याच वर्षी.

विजेत्याला फेटा बांधायची क्लबाची पद्धत होती. मी तेव्हा वर्तमानपत्राचा बातमीदार होतो; फेटा बांधणारे मामा मला दर स्पर्धेला भेटत. कापडाचं टोक दातांत धरूनच ते बोलत, त्यामुळं त्यांचं निम्मं वाक्य फेट्यात जाई. पुढाऱ्यांनाही ते दरडावत, "मान हलवू नका, पावणं."

त्या दिवशी जिंकलेल्या मुलीसाठी कार्यवाहांनी खण-नारळ ठेवला होता. ती मात्र मुलांच्या रांगेत जाऊन मामांसमोर उभी राहिली.

"मामा, मी बी जिंकलोय की. मला बी बांधा."

कार्यवाह मध्ये आले. "पोरीला कुठं फेटा असतोय? लोक हसतील."

मामांनी टोक दातांत धरलं. "शर्यत मारली का न्हाय हिनं?"

"मारली की."

"मग हसू देत. वटी लग्नात भरा हिची."

तिची लांब वेणी आडवी येत होती. मामांनी ती डोक्याभोवती गुंडाळली आणि तिच्यावरून गुलाबी फेटा चढवला. मग लांब होऊन पाहिलं.

"ह्याला म्हणायचं डोस्कं. तुमच्या पैलवानांच्या तासलेल्या टाळक्यावर निस्ता घसरतोय."

मैदान हसलं, शर्यती बघायला आलेले तालमीतले पैलवान सगळ्यांत मोठ्यानं. मुलगी फेट्यासकट सायकलवर बसली आणि भर बाजारातून घरी निघाली. दोन मैत्रिणी मागून घंटी वाजवत होत्या. बातमीसाठी मी मिरजकर तिकटीच्या चौकापर्यंत मागोमाग गेलो. तिथपर्यंत फेटा डोक्यावर होता.