हिरामणची तिसरी टेस्ट

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात क्रिकेटवर बोलायला माणूस शोधावा लागत नाही. रस्त्यात उभं राहून नुसतं ‘स्कोर काय?’ म्हटलं तरी चार जण थांबतात. रग्बीवर बोलायचं असेल तर मात्र गुणाजीच्या हॉटेलातच जावं लागतं. तिथे आतल्या टेबलाशी तीन माणसं बसतात आणि साऱ्या रोहे तालुक्यात या खेळाचा कैवार घेणारी एवढीच तीन डोकी आहेत. एक खुद्द गुणाजी. दुसरा रघू, धाटावच्या कंपनीत पॅकिंगला आहे. आणि तिसरा हिरामण गावंड, ज्याच्यामुळे हे सगळं खूळ सुरू झालं.

हिरामण धाटावला बॉयलरवर होता. तीसेक वर्षं तिन्ही शिफ्ट केल्या, ताठ मानेने रिटायर झाला आणि अष्टमीतच राहिला. मूळ गाव पेणच्या खारेपाटातलं, खाडीला अगदी खेटून. तिथे भाताची शेतं आणि भरतीचं पाणी यांच्या मध्ये मातीचा एक बांध, बस्स. उधाणाला तो बांध कुठेतरी फुटतो. त्या भगदाडाला खांड म्हणतात. खारं पाणी एकदा शेतात भरलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात होत नाही. म्हणून खांड पडली की गावाचा एकच कायदा: घरटी एक माणूस. मग घरात लग्न असो की सुतक. बांबूच्या ताट्या खांडीत उभ्या करायच्या, पुरुषांनी खांद्याला खांदा लावून त्या पाण्याविरुद्ध रेटून धरायच्या आणि मागून हातोहात चिखलाची ढेकळं येत राहायची. हिरामण मिसरूड फुटायच्या आधीपासून त्या रेट्यात उभा राहिला होता.

आता रग्बी. वीसेक वर्षांपूर्वी एका दुपारी तो रात्रपाळी करून घरी आला होता. झोप लागेना. बायको इंदुबाई आत आडवी झालेली, म्हणून आवाज बंद ठेवून त्याने टीव्ही लावला. चॅनेल बदलता बदलता बघतो तर पाऊस पडतोय, चिखलात धिप्पाड माणसं एकमेकांच्या खांद्यात हात अडकवून, डोकी खाली घालून रेटताहेत. हिरामण ताडकन उठून बसला.

“इंदू, अगो ऊठ! खांड पडलीय कुठंतरी!”

इंदुबाई डोळे चोळत आली. “कुठं?”

“काय माहीत. गोरे लोक हायेत. पण बांधतायत बघ कसे!”

दोघांनी पाच मिनिटं काळजीने खांड बघितली. मग त्या घोळक्यातून एक लांबट चेंडू निघाला, एक जण तो काखेत मारून पळत सुटला आणि दोघांच्याही ध्यानात आलं की हा खेळ आहे. इंदुबाई हसून हसून बेजार झाली. हिरामणला मात्र हसू आलं नाही. तो शेवटपर्यंत बघत राहिला, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघितलं, आणि गडी फसला तो फसलाच. न्यूझीलंड हा त्याचा संघ ठरला, कारण त्या दिवशी रेटा त्यांचा चांगला होता.

ही गोष्ट गुणाजीला कळली नसती तर बरं झालं असतं. पण इंदुबाईनेच सांगितली. तेव्हापासून गुणाजी त्याला ‘खांडवाले’ म्हणतो. मात्र चिडवता चिडवता तोही बघायला लागला आणि त्याने लायन्सचा संघ धरला. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांचे निवडक गडी एकत्र येऊन दौऱ्यावर निघतात, तो हा संघ. “आपल्याकडे चार आळ्यांचा एक गणपती बसवायचा म्हटला तर डोकी फुटतील,” गुणाजी म्हणायचा, “आणि हे चार देश एका बनियनमधे खेळतात. माणसं हायेत का देव?” रघूने दक्षिण आफ्रिका घेतली. का, तर कोणीतरी घ्यायला नको का?

मग त्यांच्या गप्पांना ऊत यायचा. नोव्हेंबरात कोण युरोपला जाणार, तिथल्या थंडीत कोणाचा रेटा टिकेल, अमुक गडी पुढच्या दौऱ्यात घेतील की म्हातारा झाला म्हणून बसवतील. गल्ल्यावर गिऱ्हाईक खोळंबून राही आणि गुणाजी आतून ओरडे, “सुट्टे ठेवा आणि जा!” घरच्या पोरीच्या लग्नाची बोलणी करतानाही हिरामणने इतका बारीक विचार केला नसेल. पण हौसेला मोल नसतं.

या सगळ्यात एक गोष्ट हिरामणला खुपत होती. लायन्सचा न्यूझीलंड दौरा बारा वर्षांतून एकदा होतो, अगदी कपिलाषष्ठीचा योग. मागच्या खेपेला तो बॉयलरसमोर उभा होता. रग्बीतही दोन संघांच्या मोठ्या सामन्याला टेस्टच म्हणतात, फक्त ती दीड-दोन तासांत संपते. तिन्ही टेस्ट शिफ्टमध्ये गेल्या. दोन हजार सतराचा दौरा आला तेव्हा मात्र तो रिटायर झालेला. पहिली टेस्ट न्यूझीलंडने मारली. दुसरीत त्यांचा एक गडी लाल कार्ड दाखवून बाहेर काढला, आणि ती लायन्सने घेतली. गुणाजीने त्या दिवशी सगळ्या हॉटेलाला फुकट चहा पाजला. आता सगळं तिसरीवर. शनिवारी, आपल्याकडे भरदुपारी. त्रेसष्ट वर्षांचा हिरामण आठवडाभर पोरासारखा भिरभिरत होता. पुढची अशी टेस्ट बघायची तर पंचाहत्तरी गाठायला हवी, आणि ते काही बॉयलरच्या धुरात आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातात नसतं.

शनिवारी सकाळी तो दाढी करत असताना फोन वाजला. त्याची वहिनी सीताबाई होती, गावाहून.

“भावजी, रातच्या उधाणानं खांड पडली. आपल्याच शेतापाशी. पाणी अजून रोपापर्यंत नाय आलं. दुपारची भरती रातच्यापेक्षा मोठी हाय म्हणतात. यांचा पाय तर पलास्तरात. पोरगा डोलवीच्या कारखान्यात डबल शिफ्टमधे अडकलाय. घरातून कोणी नाय. मी सांगितलं फक्त. तुम्हाला या म्हणून नाय सांगत.”

हेच वाईट. ये म्हणाली असती तर हिरामणने काहीतरी कारण सांगितलं असतं. तो अर्ध्या दाढीने खुर्चीत बसला. गावात आताशा त्याला ‘रोह्याचे पाव्हणे’ म्हणत. थट्टेनेच म्हणत, पण दरवेळी म्हणत. आज गावंडांच्या घरचं माणूस खांडीत दिसलं नाही तर उद्या कोणी भांडणार नव्हतं, दंड मागणार नव्हतं. फक्त त्या घराला गाव मनातून वगळणार होतं. त्याच्या थोरल्या भावाने, बाबाजीदादाने, आयुष्यभर एकही खांड चुकवली नव्हती, दोघांच्या वाटची त्याने एकट्याने केली होती.

“बारा वर्षं गो इंदू,” तो म्हणाला.

“व्हय.”

“पुढची आणखी बारा वर्षांनी.”

“मग तवा बघू,” इंदुबाई म्हणाली आणि त्याची जुनी हाफपँट पिशवीत घालायला आत गेली.

त्याने गुणाजीला फोन केला. गुणाजीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “जा खांडवाले. पण एक ध्यानात ठेवा. रविवारी सकाळी हीच मॅच परत दाखवणार हायेत. तोवर तुम्ही कोणाला इचारू नका आणि अष्टमीत कोणी तोंड उघडलं तर त्याचा चहा बंद.”

एसटी, मग वडखळहून दुसरी, मग रिक्षा. हिरामण बांधावर पोचला तेव्हा भरती चढायला लागली होती आणि खांडीत ताट्या उभ्या झाल्या होत्या. गावकीचा पुढारी हैबतराव कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून माणसं लावत होता. हिरामण हाफपँट वर खोचून थेट पुढच्या फळीकडे निघाला.

“ओ पाव्हणे!” हैबतराव ओरडला. “पुढं पोरं लागतात. तुम्ही मागच्या फळीत.”

हिरामणचं तोंड पडलं. गुणाजीच्या टेबलावर तो गेली वीस वर्षं सांगत आला होता की रग्बीच्या रेट्यात पुढचे तिघे फोटोत दिसतात, पण खरा रेटा मागच्यांचा असतो. आता स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याला ते अजिबात पटलं नाही. पण मुकाट्याने मागे जाऊन त्याने पुढच्या पोराच्या पाठीला खांदा लावला.

पाणी चढत गेलं. ढेकळं हातोहात येत होती, बाया घमेल्यांनी माती ओतत होत्या. पाणी छातीला लागलं तेव्हा एक ताटी कलंडली, पुढची दोन पोरं घसरली आणि सगळी फळी हातभर मागे आली. “दम धरा!” हैबतराव किंचाळला. हिरामणच्या पायाखालचा चिखल सरकत होता. त्याने टाच रुतवली, मान खाली घातली आणि असा रेटला की पाठीतून कळ निघाली. शेजारचे रेटले. फळी जागेवर गेली. मग अंगाला अंग लावून सगळे नुसते उभे राहिले आणि पाणी त्यांच्यावर रेटत राहिलं.

कितीतरी वेळाने हैबतराव म्हणाला, “फिरली. ओहोटी लागली.”

हिरामण बांधावर चढून बसला. कोणीतरी हातात चहा दिला, आणि पहिला घोट घेताना त्याला आठवलं की टेस्ट सुरू होऊन संपलीसुद्धा असेल. इतका वेळ तिची आठवणही झाली नव्हती! त्याला स्वतःचंच नवल वाटलं, थोडं वाईटही वाटलं. मग त्याने बांधाआडच्या हिरव्यागार रोपाकडे पाहिलं. त्याला फार बरं वाटलं.

रात्री त्याचं अंग असं धरलं की अष्टमीला परतायची सोय राहिली नाही. रविवारी सकाळी बाबाजीच्या दारात मोटारसायकल थांबली. गुणाजी आणि रघू, बरोबर वड्यांचं पुडकं.

“टेस्ट काय एकट्यानं बघतात?” गुणाजी म्हणाला. दोघांनाही निकाल माहीत होता आणि दोघेही तोंडात गुळणी धरल्यासारखे बसले. हिरामण त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का बघत होता, आणि ते मुद्दाम भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

पुतण्याच्या टीव्हीवर मॅच लागली. बाबाजी कॉटवर पाय लांब करून बसला होता. हैबतराव बांध बघून परत जाताना डोकावला तो तिथेच टेकला. खेळ सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, रेट्याचा पहिला प्रसंग आला. आठ विरुद्ध आठ, डोकी खाली, खांद्यात हात. सीताबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली.

“अगो बाई! यांची खांड कुठं पडली?”

गुणाजीच्या नाकातोंडात वडा गेला. रघू जमिनीवर लोळायचा बाकी राहिला. हिरामण मात्र विजयी मुद्रेने गुणाजीकडे बघत होता. वीस वर्षांची थट्टा त्या एका वाक्यात फिटली. हैबतरावाला हसण्यात रस नव्हता. तो पुढे वाकून बघत होता. “मागची फळी बरी हाय यांची,” तो म्हणाला.

त्यानंतर घरात कोणी हललं नाही. बाबाजीने पलास्तराचा पाय दोनदा आपटला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा दोन्हीकडे पंधरा-पंधरा गुण होते. मैदानातले गडीसुद्धा एकमेकांकडे बघत उभे राहिले.

“जिंकलं कोण?” बाबाजीने विचारलं.

“कोणीच नाय,” हिरामण म्हणाला. बारा वर्षं वाट बघून बरोबरी! आपल्याला राग यायला हवा, असं त्याला वाटलं. पण आला नाही.

“पण हटलं का कोणी?” सीताबाईने विचारलं.

“नाय वहिनी.”

“मग झालं तर,” ती म्हणाली आणि कपबश्या गोळा करायला लागली.

गुणाजीचं तोंड एकदाचं सुटलं. तो आणि रघू लगेच नोव्हेंबरातल्या दौऱ्यावर घसरले. न्यूझीलंड युरोपला जाणार, त्यात वेल्सशी टेस्ट, तिथे काय होणार. हैबतराव उठून चपला घालत होता.

“आमचा पुढचा दौरा अमावस्येला,” तो म्हणाला. “बांध ओला हाय, उधाणाला परत धक्का खाणार. बाबाजी, तुझा पाय तवर काय बरा होत नाय. गावंडांकडून कोण?”

बाबाजी काही बोलायच्या आत हिरामण म्हणाला, “मी हाय की.”

“मागच्या फळीत,” हैबतराव म्हणाला.

“मागच्याच,” हिरामण म्हणाला.

“बरं हिरामण, येतो,” असं म्हणून हैबतराव बांधाच्या वाटेला लागला. पाव्हणे म्हणाला नाही, हे हिरामणच्या जरा उशिरानेच लक्षात आलं.