मन्सूरभाईंचं मागचं अंगण

मन्सूरभाईंची आणि माझी ओळख उपम्यानं करून दिली. संत तुकाराम नगरातल्या या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. बायकोनं केलेला उपमा घशाखाली उतरेना, म्हणून तिची पाठ वळताच मी तो मागच्या खिडकीतून खाली सोडला आणि बशी चाटूनपुसून खाल्ल्यासारखी करून ठेवली. थोड्याच वेळात बेल वाजली. दारात साठीतला, लुंगी नेसलेला, रागानं लाल झालेला माणूस. हातात सुपली, सुपलीत माझा उपमा.

"वहिनी, साहेबांचा नाश्ता खाली पडला. गरम आहे अजून, वाढा त्यांना."

पुढं घरात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही.

हा त्यांचा रोजचा उद्योग होता. तळमजल्यावरच्या त्यांच्या घरामागं लहानसं अंगण होतं, त्यांच्याच मालकीचं. आमची इमारत तशी सज्जनांची. पुढच्या दारात रोज रांगोळी, आणि मागच्या खिडकीतून नारळाच्या शेंड्या, केसांचे गुंतवळ, बाळांचे डायपर. मन्सूरभाई ज्याचं त्याला नेऊन देत. "तुमचं खाली राहिलं होतं," एवढंच म्हणत, पण ते शेजारच्या इमारतीलाही ऐकू जाई. भोसरीत त्यांचं स्कूटरदुरुस्तीचं गॅरेज होतं. ते मुलानं, सलीमनं, हातात घेतल्यावर भाई घरी बसले. म्हणजे बसले कुठले, अंगणावर तुटून पडले. "जिंदगीभर लोकांच्या गाड्यांचं काळं तेल काढलं राव. आता दारामागं चार हिरवी पानं बघू द्या की नाही?"

उपम्याचं प्रायश्चित्त म्हणून दर रविवारी मला फावडं मिळालं. गवताखाली अख्ख्या इमारतीचा संसार गाडलेला होता. ज्यानं ज्यानं बाथरूम नवं केलं, त्यानं जुनं इथं ढकललेलं. मी दमून बसलो की भाई ओरडत, "उठा! टाकणारा कधी दमला का?" आमचे सेक्रेटरी पाटणकर यांचं जुनं कमोड तर अख्खं निघालं. भाईंनी ते धुतलं, पुसलं आणि पाटणकरांकडे पाहुणे आलेले असताना त्यांच्या दारात नेऊन ठेवलं. पाहुणे त्याच्या शेजारी चपला काढून आत गेले.

पाटणकर ओरडले नाहीत. त्यांनी पुढच्या महिन्यातल्या सभेची नोटीस जिन्यात लावली. विषय : मागच्या पडीक जागेवर सिमेंट घालून दुचाकींसाठी पार्किंग.

"अहो, जागा भाईंची आहे," भाईंबरोबर नोटीस वाचत मी म्हणालो.

"असेल की," पाटणकर गोड हसले. "पण तिथं काही उगवतंय का? नसेल उगवत तर चार लोकांच्या उपयोगी येऊ दे."

असल्या गोड माणसांचा मला आजही संताप येतो. भाईंना तर तिथंच आला. "उगवून दाखवतो! सभेच्या आधी उगवून दाखवतो!"

आणि इथं मी मदतीला धावलो. मी चाकणच्या एका कंपनीत खरेदी खात्यात आहे. आमचे लोखंडी सुटे भाग भोसरीतल्या एका फाउंड्रीत ओतले जातात. तिच्या मागं मला काळ्याभोर, भुसभुशीत मातीचा ढीग दिसला. मालकानं टेम्पो भरून फुकट दिला. फुकट देताना तो इतका खूश का झाला, हा प्रश्न मला पडला नाही. मी खरेदी खात्यातला माणूस ना! भाईंनीही ती माती मुठीत घेऊन पाहिली, पहिल्यांदाच हसले आणि म्हणाले, "सोनं आणलंस, भावा."

मेथी उगवलीच नाही. मिरचीची रोपं विझलेल्या उदबत्त्यांसारखी उभी राहिली. भाई सकाळ-संध्याकाळ पाणी घालत आणि त्यांना झापत, "काय पाहिजे तुम्हाला? ओव्हरटाइम?" शेवटी तो टेम्पोवाला परत आला. "मालकानं इचारलंय, आजून जळकी रेती टाकायची का? जागा हाय तर समदीच न्या म्हन्ले."

भाई माझ्याकडे वळले. "जळकी रेती?"

"साच्यांची असावी. लोखंड ओतून झालं की फेकतात ती," मी म्हणालो.

"तुम्ही खरेदी करता, साहेब? आणि ती कंपनी अजून चालू आहे?"

'भावा'चा पुन्हा 'साहेब' झालो होतो. ती रेती आम्ही पोती भरभरून बाहेर काढली, तोवर सभेचा दिवस उजाडला आणि अंगण उघडं बोडकं.

"मग, काय उगवलं?" पाटणकरांनी विचारलं. भाई नखांतली काळी रेती काढत राहिले. मी उठलो आणि रेतीची सगळी हकिगत सांगितली. सभा हसून लोळली. पाटणकरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा भाई उठले. "हसू नका! हा माणूस गाढव आहे, मला माहीत आहे. पण तो खाली उतरला. तुम्ही सगळे अजून वरच उभे आहात, खिडकीत. ज्याला सिमेंट पाहिजे त्यानं आत्ता हात वर करावा. चेहरे मला बघू द्या."

एकही हात वर झाला नाही. पाटणकरांनी केला असता, पण एकट्यानं करायची त्यांची पद्धत नव्हती.

मग चऱ्होलीहून माती आणली. तिथं शेतं खणून इमारतींचे पाये घालतात आणि वरची माती विकतात. ती ओतताना भाई पुन्हा भडकले, "चांगली शेतं उकरतात, आणि आपल्याला कुंडीएवढं शेत विकतात!" पण मिरची धरली, कढीपत्ता धरला, भेंडी वाकडीतिकडी का होईना, लागली. बागकामात भाई माझ्याइतकेच अडाणी होते. भेंडी वेळेवर न तोडता जून होऊ देत, आणि मग भेंडीलाच शिव्या घालत. पहिल्या मिरच्या त्यांनी घरोघर वाटल्या, पाटणकरांकडेही. "खा. आणि देठ खाली टाकू नका."

मागच्या महिन्यात ते गेले. दुपारी जेवून झोपले, उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी बसलो होतो. पाटणकरही आले होते. चहाचा कप घेऊन ते मागच्या खिडकीशी गेले आणि फार मायेनं म्हणाले, "सलीम, तू दिवसभर गॅरेजवर. हे आता बघणार कोण? पडीकच पडणार. त्यापेक्षा—"

कंपनीत शिपायालाही मी 'अहो'शिवाय हाक मारत नाही. पण मी उठलो तो ओरडतच. "पडीक? कुठं दिसतंय पडीक? ती भेंडी आहे, पाटणकर! ती मिरची आहे! मी बघणार, मी! डोळे उघडून बघा, ती भेंडी आहे!"

सगळं घर माझ्याकडे पाहू लागलं. पाटणकरांच्या कपातला चहा बशीत सांडला. सलीमनं माझा हात धरला आणि हलकेच म्हणाला, "भाऊ, हळू. घरात माणसं बसलीत."

मला हळू बोलता येईना.