कुशीवरचा पेंढा

आमच्या घरामागे रेसच्या घोड्यांचे तबेले आहेत. सकाळी फिरायला गेले की मी तिथे कुंपणाशी थांबते. आठ दिवसांपूर्वी एक काळी घोडी नवीन आली. तिचे मोतद्दार रहीमचाचा रोज खरारा करण्याआधी तिच्या कुशीवरून नजर फिरवत आणि खिन्न होत.

"अजून आडवी झाली नाही," ते मला म्हणाले. "घोडं उभ्यानं डुलकी काढतं. पण गाढ झोपायचं तर अंग टाकावं लागतं. जागेचा भरवसा आल्याशिवाय टाकत नाही." तोवर ट्रेनरसाहेबही तिला जोरात पळवायला तयार नव्हते.

मला नवल वाटत राहिलं. एका लाथेत दार मोडेल एवढं तिचं बळ, आणि जमिनीला पाठ टेकायला मात्र जागेचा भरवसा हवा.

आज तिच्या कुशीला पेंढ्याच्या काड्या चिकटलेल्या होत्या. चाचांनी हातातला खरारा खाली ठेवला. साहेबांनी येऊन पाहीपर्यंत त्यांनी एकही काडी झटकली नाही.

"आता पळेल ना?" मी हळूच विचारलं.

"पळेल की," चाचा म्हणाले. "झोपली ना ती."