मिनार आणि लिंबू

अबुधाबीतल्या मराठी मंडळींत एके काळी अशी कुजबुज होती, की राजन आजगावकरांनी कॉलेजची बास्केटबॉल फायनल बायकोकडून करणी करवून जिंकली. सांगणारा आधी इकडेतिकडे बघायचा, आवाज खाली आणायचा आणि मग म्हणायचा, “लिंबू होतं मुठीत. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. आणि समोरचा सहा फूट सहा इंचांचा पोरगा, ज्यानं झोपेत टाकला तरी बॉल आत जायचा, त्याचे दोन्ही बॉल बाहेर! आता बोला!”

बोलायचं काय? ऐकणारा घरी जाऊन बायकोला सांगायचा, बायको हळदीकुंकवात शेजारणीला सांगायची, आणि खणानारळाची ओटी भरून बायका घरोघर पोचेस्तोवर एका लिंबाची सात लिंबं आणि वर एक काळी बाहुली झालेली असायची.

हे राजन आजगावकर कोण, ते आधी ऐका. मुसफ्फ्यात, म्हणजे अबुधाबीच्या कारखान्यांच्या भागात, एसीचे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या कंपनीत एस्टिमेटर. मूळचे माहीमचे. उंची साडेपाच फूट, तीही बुटासकट. अशा माणसाला बास्केटबॉलचं वेड लागावं ही देवाची गंमतच. पण तरुणपणी नागपाड्याला मित्राबरोबर मॅच बघायला गेले आणि तिथे जे खूळ डोक्यात शिरलं ते समुद्र ओलांडूनही उतरलं नाही. सगळं बिऱ्हाड शारजाच्या क्रिकेटसाठी टीव्हीला चिकटलेलं असताना हे गृहस्थ गुरुवारी ऑफिस सुटलं की मुलीच्या, मुग्धाच्या, कॉलेजच्या हॉलवर.

कॉलेज म्हणजे तरी काय? दोन मजली इमारत, मागे पार्किंग, शेजारी पत्र्याच्या छताचा हॉल. पण त्या काळी अशाच सात-आठ छोट्या कॉलेजांची एक लीग चालायची. मल्याळी, लेबनीज, फिलिपिनो, सुदानी, सगळ्या देशांची पोरं. प्रेक्षक म्हणाल तर खेळाडूंचे रूममेट, एखादा वॉचमन, आणि राजन.

“Baba, please don't shout today,” मुग्धा हात जोडायची. “Everyone knows you're my father.”

“मग? लाज वाटते बापाची?”

“No. But you shout in Marathi.”

खरी मॅच मात्र शुक्रवारी सकाळी व्हायची, हनीफच्या कॅफेटेरियात. हनीफ कण्णूरचा, चहाला साखर सढळ आणि मत त्याहून सढळ. तिसरा भिडू संजय दाभोळकर, राजनच्याच बिल्डिंगमध्ये राहणारा, इन्शुरन्सवाला. राजन मुग्धाच्या कॉलेजच्या तनिषचे भक्त. बुटका, चपळ, डोंबिवलीच्या आईबापांचा पण अबुधाबीतच वाढलेला पोरगा. आणि संजयचा देव होता उम्म अल कुवैनच्या कॉलेजचा इद्रिस, सुदानी, ताडमाड उंच. त्याचं नावच या लोकांनी ‘मिनार’ ठेवलं होतं.

“राजनभाऊ, तुमचा तनिष चांगला आहे हो,” संजय चहात पाव बुडवत म्हणायचा. “उपमा चांगला असतो तसा. पण जेवण म्हणून नाही चालत.”

“आणि तुझा मिनार? नुसता उभा राहतो. नुसतं उभं राहायचं तर मुसफ्फ्यात माझ्याकडे पाइप आहेत, त्यांनाच जर्सी घालतो!”

“उभा राहतो आणि जिंकतो. आणि फ्री थ्रो? एक तरी चुकलेला बघितलाय का त्याचा?”

“तनिष कितना भागता है, पता है?” हनीफ गल्ल्यावरून तोंड घालायचा. “पूरा टाइम.”

“हनीफ, भागता तो तेरा डिलिव्हरीवाला भी है. शोरमा फिर भी ठंडा आता है!”

असं हे दुपारच्या नमाजापर्यंत. कुणाचं मत कधी बदललं नाही. बदललं असतं तर पुढच्या शुक्रवारी यायचं कशाला?

तर या सुखात नव्याण्णव साली खडा पडला. सन दोन हजार तोंडावर, जो तो कॉम्प्युटरच्या मागे. कॉलेजच्या मालकांना वाटलं, हॉलमध्ये बॉल आपटण्यापेक्षा तिथे चाळीस कॉम्प्युटर मांडले तर अॅडमिशन किती वाढतील! त्यांनी सांगून टाकलं: या वर्षीची फायनल आपल्याच हॉलमध्ये आहे. हॉल भरून दाखवा आणि कप आणून दाखवा. नाहीतर टीम खलास, हॉलची लॅब.

राजनना दोन घास जाईनात. छायाबाई, म्हणजे सौभाग्यवती, म्हणाल्या, “अहो, कुणी गेल्यासारखं काय बसलाय?”

“माझा गुरुवार चाललाय, छाया. गुरुवार गेला की शुक्रवारही गेला. मग मी इथे फक्त डक्टच मोजायचे का?”

छायाबाईंना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नवरा कळत होता. त्या अबुधाबीच्या मराठी मंडळाच्या महिला विभागाच्या प्रमुख. फोन उचलला आणि गणपतीत आरतीला जमते तेवढी सगळी गर्दी त्यांनी फायनलसाठी उभी केली. “मॅच आहे, एसी आहे, साबुदाणावडे मी आणतेय,” एवढंच आमंत्रण. नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

राजननी मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांची शिकवणी घेतली. “नीट ऐका. खेळाडूला कुणी नियमाबाहेर धक्का दिला, की त्याला त्या रेषेवर उभं राहून मोकळेपणी बॉल टाकायला मिळतो. याला फ्री थ्रो म्हणतात. मध्ये कुणी येत नाही. अशा वेळी आपला मुलगा असेल तर गप्प. त्यांचा असेल तर दंगा! ढोल, झांजा, जे हाताला येईल ते. त्याचं चित्त उडालं पाहिजे.”

“हे बरोबर आहे का पण?” एक काकू म्हणाल्या.

“काकू, अमेरिकेत असंच करतात.”

अमेरिकेत करतात म्हटल्यावर प्रश्न मिटला.

फायनलचा गुरुवार उजाडला. गणपतीचा मोठा ढोल कुणाच्या गाडीत मावेना, म्हणून हनीफनं आपली डिलिव्हरी व्हॅन दिली. मागे ढोल, वड्यांचे डबे, आणि डबे सांडू नयेत म्हणून त्यांना धरून छायाबाई. शोरम्याच्या आणि पेट्रोलच्या वासात त्यांची ती वरात कॉलेजवर पोचली. पाहुणी टीम मात्र आली नव्हती. उम्म अल कुवैनहून निघालेली बस वाटेत टायर फुटून अडकली होती. पोरं आली ती उशिरानं, आल्या आल्या कपडे बदलून थेट मैदानात.

हॉल गच्च. मालक पुढच्या खुर्चीवर, मिशीवर हात. राजन ढोलापाशी, सेनापतीसारखे. आणि मॅच सुरू झाली तसं राजनच्या लक्षात आलं, की आपण शिकवलं सगळं, पण या माणसांचा जन्म गेलाय गाण्याच्या बैठकांत. मिनारनं पहिलाच बॉल लांबून असा अलगद सोडला, की अर्धा हॉल माना डोलावत म्हणाला, “वाऽ! क्या बात है!”

“अहो, तो आपला नाही!” राजन ओरडले.

“नसेना का. टाकला किती गोड!”

“वन्स मोअर!” मागून कुणीतरी.

पाहुण्यांच्या प्रत्येक बास्केटला अशी दाद, की त्यांच्या कोचनं दोनदा वळून स्कोअरबोर्ड तपासला. संजय दाभोळकर, एकटा मिनारच्या बाजूनं आलेला, गालातल्या गालात हसत होता. “राजनभाऊ, माणसं तुमची, पण कान माझे हां!”

पण तनिषनंही त्या दिवशी जिवाचं रान केलं. लांब पायांच्या मधून सटकत, पडत, उठत त्यानं टीमला धरून ठेवलं. शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा मुग्धाचं कॉलेज एका पॉइंटनं पुढे होतं. आणि नेमका तेव्हाच आपल्या एका पोरानं मिनारला धक्का दिला. शिट्टी. दोन फ्री थ्रो. एक गेला तर बरोबरी, दोन गेले तर कप उम्म अल कुवैनला आणि हॉलमध्ये कॉम्प्युटर.

राजननी टिपरू उचललं. झांजावाले सज्ज झाले.

आणि छायाबाई उभ्या राहिल्या.

“शूऽऽ!”

हा आवाज मंडळात सगळ्यांच्या ओळखीचा. तंबोरे लागत असताना पोरं धावायला लागली, की छायाबाई हाच आवाज काढायच्या, आणि पोरंच काय, त्यांचे बापही जागच्या जागी बसायचे. ढोल थांबला. झांजा मांडीवर टेकल्या. राजनचं टिपरू हवेतच राहिलं.

“छाया, अगं काय करतेस!”

“गप्प बसा हो तुम्ही.” आणि मग मैदानाकडे वळून, अगदी घरातल्या मुलाला सांगावं तसं, “आराम से, बेटा. घाई नको.”

मिनारनं मान वर करून पाहिलं. सगळा हॉल चिडीचूप. एसीची घरघर तेवढी. आणि ते सगळे काका-काकू त्याच्याकडे असे बघताहेत, जणू बोर्डाचा निकाल लागायचाय. त्यानं बॉल दोनदा आपटला. टाकला. कडीवर आपटून बाहेर.

“अरेरे!” हॉल हळहळला. मनापासून.

दुसऱ्या वेळी छायाबाईंनी डोळे मिटले. उजव्या मुठीत काहीतरी पिवळं घट्ट धरलेलं, ओठ भराभर हलत होते. बॉल सुटला, कडीवर एक गिरकी घेतली आणि बाहेर पडला.

मग काय झालं ते सांगायला नको. तनिष खांद्यावर, राजन तनिषच्या पायाशी, ढोल फुटायच्या बेतात. मालक वडा खात म्हणाले, “लॅब ऊपर बनाएँगे.” वड्यांचे उरलेले डबे छायाबाईंनी उचलले आणि हरलेल्या पोरांच्या बसमध्ये नेऊन दिले. मिनारच्या हातात चार जास्तच ठेवले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफेटेरियात संजयचा चहा गार होत होता. देव चुकला हे भक्तानं मान्य कसं करायचं?

“मिनार चुकत नाही,” तो म्हणाला. “चुकवला गेला.”

“कुणी चुकवला?”

“वहिनींच्या हातात लिंबू होतं, राजनभाऊ. मी बघितलं. ओठ हलत होते. आणि नंतर वडे देऊन आल्या, ते कशाला? उतारा!”

हनीफनं गल्ल्यावरच कानाला हात लावले. “या अल्ला.”

झालं! शुक्रवारी सुटलेली गोष्ट रविवारपर्यंत मुसफ्फ्याच्या कामगार कँपात. कंपनीचा ड्रायव्हर शौकत ट्रकच्या लायसन्सच्या टेस्टला तीनदा नापास झालेला. तो घरी येऊन दारात उभा. “भाभीजी, इन्स्पेक्टर के लिए कुछ पढ़ दीजिए.” छायाबाईंनी त्याला चहा पाजून पाठवलं आणि राजनवर उखडल्या. “अहो, लोक मला चेटकीण म्हणताहेत! तुम्ही बोलत का नाही? तुम्हाला सगळं सांगितलंय ना मी?”

सांगितलं होतं. मॅचच्या दुसऱ्याच सकाळी, चहाबरोबर. आणि ते ऐकून राजनना ठसका लागला होता. पण ते बोलले नाहीत, कारण या गोष्टीनं हॉल भरेल हे त्यांनी ताडलं होतं; आणि झालंही तसंच, पुढच्या सीझनला लिंबूवाल्या बाई बघायला माणसं तिकडून दुबईहून येऊ लागली. हॉल भरू लागला. पाहुणे खेळाडू आधी गॅलरीत छायाबाई कुठे बसल्यात ते शोधायचे.

“एक सीझन दम काढ गं,” राजन विनवायचे. “तुझ्यामुळे हॉल वाचलाय. तुला काय कमी पडतंय?”

“अब्रू!”

“ती वाढलीच आहे की. भाजीवाला कोथिंबीर फुकट देतो.”

चार वर्षांनी एका शुक्रवारी कॅफेटेरियाचं दार उघडलं आणि वाकून आत आला मिनार. इंजिनिअर झालेला, मुसफ्फ्यातच नोकरी. तिघांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि विचारलंच. तो हसला. हिंदी त्याची फर्मास. “अंकल, शोर हो तो मैं कान बंद करके मारता हूँ. उस दिन बंद करने को कुछ था ही नहीं.”

राजननी टेबलावर थाप मारली. संजयनं मान हलवली. “त्याला काय माहीत? ज्याच्यावर होतं त्याला कळत नसतं.” आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

खरी गोष्ट एवढीच. छायाबाईंना गाडी लागायची. हनीफच्या व्हॅनमध्ये हुंगायला त्यांनी घरून लिंबू आणलं होतं, ते हातातच राहिलं. बस अडकल्यामुळे पाहुणी पोरं उपाशी खेळताहेत हे त्यांना मुग्धानं सांगितलं होतं, म्हणून त्यांनी हॉल गप्प केला. आणि डोळे मिटून त्या देवाला सांगत होत्या, की त्या मुलाचा बॉल आत जाऊ दे. तो गेला नाही.