काजवालीच्या जेवणाची वही

आमच्या शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे काजवालीच म्हणायचे. काज करायला मशीनवर बसली की मान वर नाही. तोंड मात्र चालू. "काज चुकलं की बटण रुसतं, ताई," असं मला, तिच्या सुपरवायझरला, ऐकवायची.

तिला दिवस गेले तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एक वही दिली. रोज किती वाजता खाल्लं, एवढंच लिहायचं.

"माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय," ती म्हणाली. "ताई, तुम्हीच लिहा."

जेवणाची सुट्टी एकची. पण शिवलेला माल तिच्याकडे शेवटी यायचा आणि मी म्हणायची, "एवढा गठ्ठा उरक, मग बस." कधी तीन वाजत, कधी चार. ती पाणी पिऊन हसायची, "आतला माणूस ओव्हरटाइम मागतोय!" तिची सुट्टी बुडवल्याचा ठपका माझ्यावर नको, म्हणून मी वहीत लिहायची: एक वाजता. रोज देवापुढे हात जोडणारी मी, खोटं मात्र वळणदार अक्षरात लिहीत होते.

सातव्या महिन्यात नर्सबाई कारखान्यात आल्या. "वही असावी तर अशी! जेवण अगदी काट्यावर." मग त्यांनी समजावलं. गाभण उंदरीने अवेळी खाल्लं तर तिच्या आतड्यातल्या उपयोगी जंतूंची घडी विस्कटते आणि पिल्लांच्या मेंदूला सूज येते, असा शास्त्रज्ञांना संशय आहे. बायकांचं नक्की कुणालाच ठाऊक नाही. "म्हणून तर खऱ्या वेळा हव्यात."

काजवालीचा हात पोटावर गेला. तिने माझ्याकडे पाहिलं. थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

"वही खोटी आहे," मी म्हणाले. "हिला उपाशी मी ठेवलं. लिहिलंही मीच."

आजूबाजूच्या मशीन थांबल्या. नर्सबाईंनी लाल पेन पुढे केलं. "आठवेल तेवढं दुरुस्त करा. नाही आठवलं तिथे फुली."

मला वाटलं, एवढ्या दिवसांचं कुणाला आठवणार? तर काजवाली सांगू लागली. "निळ्या चौकटीचा माल आला तेव्हा साडेतीन. शाळेचे पांढरे शर्ट, चार. त्या दिवशी मला चक्कर आली, तर तुम्ही म्हणालात, नाटकं नकोत." मालावरून तिला एकेक दिवस पाठ. मी मान खाली घालून लिहीत गेले. फुली एकही पडली नाही.

शेवटच्या पानावर होतो तेव्हा एक वाजला. तिचा गठ्ठा अर्धाच झाला होता.

"ऊठ बाई, जेवून घे."

"आणि वही?"

मी पेन तिच्या हातात दिलं. "तूच लिही. कोंबडीचे पाय चालतील."