गोणपाटावरच्या दोघी

बाबांनी ती कुत्री आणली ती कुत्रा समजून. गिरणी बंद पडल्यावर ते साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लागले होते, तिथे पत्र्याच्या ढिगामागे त्यांना ती सापडली. पिशवीतून अंधेरीला घरी आली. आईने पिल्लू उचललं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "अवो, ह्यां चेडू आसा!"

आई एरवी चाळीतल्या सगळ्यांसारखंच बोलायची, पण रागावली किंवा लाडात आली की थेट मालवणीत शिरायची. चेडू म्हणजे मुलगी. बाबांचा चेहरा पडला.

"राहू दे मग," ते म्हणाले. "पण एक सांगून ठेवतो. हिला पिल्लं झाली की हिच्यासकट सगळी परत वर्कशॉपला. दीड खोलीत हे लेंढार नको मला."

वर्कशॉपसमोर दिवसभर ट्रक धावायचे आणि तिची आई त्यातल्याच एकाखाली गेली होती. त्यामुळे बाबांची ती अट मी कधी विसरले नाही. कुत्री माझ्या पायांवर डोकं ठेवून झोपायची.

त्याच वर्षी माझं बाजूला बसणं सुरू झालं होतं. आमच्या बैठ्या चाळीत मागच्या दाराला छोटी पडवी होती. तिथे गोणपाट, वेगळं ताट, वेगळा तांब्या. स्वयंपाकाच्या जागेत पाऊल टाकायचं नाही. आई उंबऱ्यात उभी राहून माझ्या ताटात वरून भाकरी टाकायची. आई दुष्ट नव्हती, तिच्या आईने शिकवलं तेच ती करत होती. मला मात्र त्या वरून पडणाऱ्या भाकरीचा भयंकर संताप यायचा.

एकदा अशीच मी पडवीत बसले असताना आतून आईची हाक आली. फरशीवर लाल ठिपके पडले होते आणि आमचं चेडू ओशाळल्यासारखं शेपटीखाली चाटत बसलं होतं. आई तिच्याजवळ उकिडवी बसली. मग म्हणाली, "बाय माझी ती. तुका पण कावळो शिवलो?" आणि तिने माझ्या गोणपाटाशेजारी दुसरं गोणपाट घातलं.

मी हसून हसून वेडी झाले. पण खरं सांगायचं तर ते चार दिवस मला फार आवडले. आम्हा दोघींच्या दोन थाळ्या शेजारी शेजारी असायच्या आणि दोघींनाही भाकरी वरूनच पडायची. ती हवेतच झेलायची. गल्लीतले कुत्रे मागच्या दाराशी जमले की आई बादलीभर पाणी भिरकावायची, आणि कोणी फार जवळ आला तर आमचीच बाई दात दाखवायची. चौथ्या दिवशी आईने आम्हा दोघींना शिकेकाईने न्हाऊ घातलं. ती शिंकली, अंग झटकून सगळ्या पडवीभर फेस उडवला. आईने मागचं दार सताड उघडलं. "झालं. सुटलात गो दोघी."

ती सुटली ती दुपारभर गायब झाली. संध्याकाळी आली ती मोठ्या खुशीत. "फिरून आली बिचारी," आई म्हणाली. आणि मग रोजच फिरू लागली.

काही आठवड्यांनी तिचं पोट सुटलं. आईला वाटलं, माशांची मुंडकी जास्त होतात. वर्सोव्याहून एक कोळीण दारावर यायची, तीच ती मुंडकी द्यायची. तिने टोपली उतरवली, कुत्रीच्या पोटाखाली हात घातला आणि म्हणाली, "अगो बाय, ही तं गाभन हाय."

आईने कुत्रीला आत ओढलं. मला रडूच फुटलं. आमच्या दोघींच्याही डोळ्यांसमोर तो साकीनाक्याचा रस्ता होता.

बाबांनी रात्री काही आरडाओरडा केला नाही. "मी बोललो होतो ना?" एवढंच म्हणाले. आई मात्र उसळली. "मी चार दिवस मोजले, बरोबर मोजले! हे कसं झालं ते डॉक्टरलाच विचारते."

गोरेगावला तबेल्यातल्या म्हशी बघणारे एक डॉक्टर होते. आम्ही तिघी रिक्षाने त्यांच्याकडे गेलो. आईने चार दिवस, गोणपाट, शिकेकाई, सगळं काही न लपवता सांगितलं. डॉक्टर आधी पोट धरून हसले, मग त्यांनी नीट समजावलं. कुत्रीचं बाईसारखं नसतं. रक्त दिसतं ती माजाची नुसती सुरुवात, तेव्हा ती नराला जवळही येऊ देत नाही. रक्त फिकं होत गेलं की खरे दिवस लागतात. पुरते तीन आठवडे कोंडून ठेवायला हवं.

"म्हणजे मी दार उघडलं ते..."

"नेमकं नको तेव्हा."

आईने ऑपरेशनचं विचारलं. एकदा तरी व्यायलाच पाहिजे म्हणतात, ते खरं का? डॉक्टर म्हणाले, त्यात काही तथ्य नाही, पहिल्या माजाआधीच केलं असतं तरी चाललं असतं. आता पिल्लं दूध सोडू देत, हिचं दूध आटू दे, मग आणा. पुढच्या माजावर यायच्या आत मात्र आणा, त्या दिवसांत आत रक्त भरलेलं असतं, कापणं जोखमीचं.

त्या संध्याकाळी बाबांना वाढताना आईने पळी खाली ठेवली. "चूक माझी. माका चारच दिवस ठावक होते. तेची शिक्षा हिका कित्याक? हिका मी खंय धाडूक देवचंय नाय."

दुसऱ्या दिवशी बाबा वर्कशॉपमधून पॅकिंगच्या फळ्या घेऊन आले आणि पिल्लांसाठी खोकं ठोकायला बसले. तो माणूस मला इतका कधीच आवडला नव्हता.

पिल्लं झाली, वाढली, वाटली गेली. एक वर्सोव्याला सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकायला गेलं. दूध आटल्यावर ऑपरेशन झालं. येताना रिक्षात ती आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, आईच्या मांडीवर. माझ्या धाकट्या भावाच्या जन्मानंतर आईचंही असंच ऑपरेशन झालं होतं. खड्डा आला की आई स्वतःच्याच पोटावर हात दाबायची आणि रिक्षावाल्याला म्हणायची, "सावकाश रे बाबा, टाके ओढतात."

घरी आल्यावर आईने पडवीतली दोन्ही गोणपाटं उचलली आणि तिला ऊब मिळावी म्हणून स्टोव्हजवळ एकावर एक घातली, जिथे मला त्या दिवसांत मज्जाव होता तिथेच.

त्याच आठवड्यात माझे दिवस आले. मी मुकाट पडवीत गेले तर तिथे बसायला काहीच नव्हतं. आतून आईची हाक आली. "हयसर ये. तिच्या बाजूक बस. तिका एकटीक करमणा नाय."

मी भीत भीत आत गेले आणि गोणपाटाच्या कडेला टेकले. चेडवाने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. आई स्टोव्हकडे तोंड करून भाकरी थापत होती. भाकरी फुगली, तिने ती तव्यावरून काढली आणि माझ्या हातात दिली.