येस सर, शुअर सर

तिसगावच्या बाजारात माझा इंग्रजी बोलायचा क्लास आहे. एका दुपारी चाळिशीतली एक बाई आली, पदर सावरत समोर बसली आणि घडी घातलेला कागद तिनं माझ्यापुढं सरकवला. त्यावर देवनागरीत लिहिलं होतं: हुकर, पिंप, एस्कॉर्ट, कॉल गर्ल.

मी उठून दार सताड उघडलं. साक्षीदार हवा म्हणून बायकोला चहा घेऊन बोलावलं. बाईचा मोबाईल टेबलावर पालथा होता. तो माझं रेकॉर्डिंग करतोय, याची मला खात्रीच पटली.

"हे शब्द कशाला हवेत?" मी पोलिसी आवाजात विचारलं.

"मी हायवेच्या लॉजवर फोन घेते सर. एका गिऱ्हाइकानं फोनवर विंग्रजीत ह्यातलंच कायतरी मागितलं, हे शब्द मागनं वेटरनं लिहून दिले. मी व्हय म्हनले. सांजच्याला येऊन त्यानं माझाच हात धरला. मालक म्हनतो, तूच कबूल केलं, परत असं झालं तर कामावर येऊ नको."

"पण न कळता हो कशाला म्हणालात?"

तिनं पहिल्यांदाच मान वर केली. "औंदा गावच्या शाळेत आमा बायांसाठी तुमचं शिबिर झालं न्हाई का? तुमीच शिकवलं, कळलं न्हाई तरी हसून 'येस सर, शुअर सर' म्हनायचं."

बायकोनं दोन्ही कप बाईपुढं ठेवले.

मी निमूट सगळे अर्थ लिहिले, वर आणखी अकरा शब्द घातले. मग म्हटलं, "आता म्हणा, नो सर."

"नो सर," ती म्हणाली, आणि गोड हसली. तेही मीच शिकवलं होतं.